आधी सभा भरवा: सिडनीचे बिगारी आणि शहरातले रहिवासी, १९७१ ते १९७५

हंटर्स हिल ही सिडनीतली सुखवस्तू वस्ती. पॅरामॅटा नदीच्या काठावर तिथे सुमारे १२ एकरांचं रान शिल्लक होतं, त्याचं नाव केलीज बुश. या जागेला लागून कधीकाळी कथील गाळण्याचा कारखाना होता. मालकाच्या नावावरून रानाला नाव पडलं आणि कारखान्याभोवतीची म्हणून ती झाडी कोणी तोडली नाही. १९७० च्या सुमारास ए. व्ही. जेनिंग्ज या बांधकाम कंपनीला तिथे महागडी घरं उभारायची होती. वस्तीतल्या १३ जणींनी त्याविरुद्ध 'बॅटलर्स फॉर केलीज बुश' नावाचा गट केला. नगरपालिका, महापौर, आमदार, थेट राज्याचे प्रीमियर म्हणजे मुख्यमंत्री रॉबर्ट अॅस्किन, अशी सगळी दारं त्यांनी ठोठावली. सगळीकडे त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं आणि सगळीकडून त्या रिकाम्या हातांनी परतल्या.

शेवटी त्या कामगार संघटनांकडे वळल्या. हे वाचायला सोपं वाटतं, करायला सोपं नव्हतं. हंटर्स हिल हा अॅस्किन यांच्या लिबरल पक्षाला मानणारा भाग. समोरची युनियन होती न्यू साउथ वेल्सची बिल्डर्स लेबरर्स फेडरेशन, म्हणजे आपल्या शब्दांत बांधकामावरच्या बिगाऱ्यांची युनियन. तिचे सचिव जॅक मंडी ऑस्ट्रेलियाच्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासद. एरवी या दोन जगांची गाठ पडली असती ती फार तर घराच्या डागडुजीपुरती.

युनियननं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तिनं एक अट घातली: आधी तुमच्या वस्तीत जाहीर सभा भरवा, हे तुम्हा १३ जणींचं म्हणणं नसून वस्तीचं म्हणणं आहे हे दाखवा. सभेला सुमारे ६०० माणसं आली आणि त्यांनी युनियनला रीतसर विनंती केली. जून १९७१ मध्ये युनियननं जाहीर केलं की केलीज बुशमध्ये आमचा एकही माणूस फावडं उचलणार नाही. बुलडोझर आणि क्रेन चालवणाऱ्यांची युनियनही यात सामील झाली. जेनिंग्जनं सांगितलं, आम्ही युनियनबाहेरची माणसं आणू. तेव्हा उत्तर सिडनीत याच कंपनीच्या कार्यालयाची इमारत अर्धी उभी होती. तिथल्या कामगारांनी कामावरच सभा घेतली आणि कंपनीला कळवलं की केलीज बुशमधलं एक झाड जरी पडलं, तरी ही इमारत कायमची अशीच अर्धवट राहील, केलीज बुशचं स्मारक म्हणून. कंपनीनं माघार घेतली.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण झाडांपाशी थांबतात. मला त्या सभेच्या अटीत जास्त रस आहे. पुढच्या चार वर्षांत या युनियननं शहरभर चाळीसहून अधिक ठिकाणी अशा बंद्या घातल्या. त्यांना 'ग्रीन बॅन' म्हणजे हिरवी बंदी हे नाव पडलं. त्या कशा टिकल्या आणि कशा मोडल्या, हे समजून घ्यायला ती अट फार उपयोगी पडते.

बिगाऱ्यांची ताकद कुठून आली

बिल्डर्स लेबरर म्हणजे सुतार किंवा गवंडी नव्हे. पाडकाम, खोदाई, परांची बांधणं, काँक्रीट ओतणं, क्रेनच्या ओझ्याला दोर लावणं ही त्यांची कामं. कारागिरांच्या युनियन त्यांना खालचे समजत. पण उंच इमारतींच्या काळात त्यांचं वजन वाढलं. जुनं घर पाडलं नाही तर नवं उभं राहत नाही, आणि ते पाडणारे हेच. काँक्रीट ओतायला सुरुवात झाल्यावर मध्येच काम थांबलं तर ओतलेलं सगळं वाया जातं. साठीच्या दशकाच्या अखेरीला सिडनीत कार्यालयांच्या मनोऱ्यांची लाट आली होती. बिल्डरांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या होत्या आणि उशिराचा प्रत्येक दिवस व्याजाचा होता.

१९७० मध्ये युनियननं पाच आठवड्यांचा संप केला. कारागीर आणि बिगारी यांच्या पगारातली दरी कमी करावी, ही मागणी होती. काही ठिकाणी संपफोड्यांनी केलेलं काम पाडून टाकण्यापर्यंत गोष्ट गेली. संप यशस्वी झाला. सभासद वाढले, पुढे ते ११ हजारांच्या आसपास गेले. हिरव्या बंदीची कुवत या भाकरीच्या लढ्यात कमावलेली होती, हे विसरून चालत नाही. ज्या युनियनला स्वतःच्या सभासदांचा पगार वाढवून घेता येत नाही, तिच्याकडे शेजारची वस्ती मदत मागायला येईल कशाला?

दुसरी बाब युनियनच्या घरातली. पदाधिकाऱ्यांचा पगार बिगाऱ्याच्या पगाराएवढाच होता. संप चालू असताना त्यांनाही पगार मिळत नसे. पदावर राहायला मुदत होती. मंडी यांनी १९७३ मध्ये सचिवपद सोडलं ते याच तत्त्वानं, आणि त्यांच्या जागी जो ओवेन्स आले. बॉब प्रिंगल अध्यक्ष होते. सभासदांत इटालियन, ग्रीक, युगोस्लाव्ह, पोर्तुगीज अशी बाहेरून आलेली माणसं पुष्कळ होती, म्हणून सभांना दुभाषी असत आणि पत्रकं अनेक भाषांत निघत. महत्त्वाचे निर्णय सभासदांच्या सभेत मताला टाकले जात. हे तपशील युनियनच्या हिशेबवहीतले वाटतील, पण एखाद्या परक्या वस्तीसाठी काम नाकारायचं तर ते नाकारणाऱ्या माणसाला हा निर्णय आपला वाटायला हवा. ऑफिसातून आलेल्या हुकुमावर कोणी दुसऱ्याच्या झाडांसाठी हातातलं काम सोडत नाही.

विरोध युनियनच्या आतही झाला. श्रीमंतांच्या रानाशी आपलं काय देणंघेणं, हा प्रश्न विचारला गेला आणि तो रास्तच होता. मंडी यांचं उत्तर असं की कामगाराला नुसता कामाचा दाम मागण्याचा हक्क नाही, आपल्या हातून काय बांधलं जावं हे विचारण्याचाही हक्क आहे. चांगला पगार घेऊन शहर राहण्याजोगं उरलं नाही तर त्या पगाराचं करायचं काय? वर्तमानपत्रांनी टर उडवली: बिगारी आता नगररचनाकार झाले! पण बांधकामाची तेजी असल्यामुळे एका जागी बंदी घातली तरी दुसऱ्या जागी काम मिळत होतं. हा आधार पुढे निखळणार होता.

कुलूप एकाचं, किल्ली दुसऱ्याची

केलीज बुशनंतर रीत ठरली. युनियन स्वतःहून कुठेही बंदी घालणार नाही. रहिवाशांनी सभा घेऊन मागितली तरच घालेल आणि रहिवाशांना विचारल्याशिवाय उठवणार नाही. कुलूप युनियनचं आणि किल्ली वस्तीची, असं हे होतं. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच. युनियनला 'तुम्ही कोण ठरवणारे?' असं विचारणाऱ्याला तिच्यापाशी उत्तर तयार होतं: आम्ही ठरवलेलंच नाही, इथल्या माणसांनी ठरवलंय. आणि वस्तीलाही आयतं काही मिळत नव्हतं. सभेसाठी दारोदार फिरावं लागे, शेजाऱ्यांशी भांडणं मिटवावी लागत, काय नको याबरोबर काय हवं हेही सांगावं लागे.

द रॉक्समध्ये हे नीट दिसलं. हा सिडनीतला युरोपीय वसाहतीचा सर्वांत जुना भाग, १७८८ पासूनचा. बंदराला लागून असल्यामुळे गोदी कामगारांची कुटुंबं तिथे पिढ्यान् पिढ्या भाड्यानं राहत. १९७० मध्ये सरकारनं सिडनी कोव्ह पुनर्विकास प्राधिकरण कामाला लावलं. बरीचशी वस्ती पाडून कार्यालयांचे मनोरे उभे करायचे, अशी योजना होती. रहिवाशांच्या गटाचं नेतृत्व निटा मॅक्रे यांच्याकडे होतं. त्यांचं घराणं चार पिढ्या तिथे राहत होतं. नोव्हेंबर १९७१ मध्ये त्यांनी युनियनला बंदी मागितली. ती मिळाल्यावर त्या गप्प बसल्या नाहीत. रहिवाशांनी वास्तुविशारदांना हाताशी धरून प्राधिकरणाच्या आराखड्याला पर्याय म्हणून 'लोकांचा आराखडा' तयार केला. नुसती पाडू नका अशी विनवणी करणाऱ्यांपेक्षा त्यांचं बोलणं वेगळ्या वजनाचं झालं.

ऑक्टोबर १९७३ मध्ये प्राधिकरणानं युनियनबाहेरची माणसं आणून पाडकाम सुरू केलं. रहिवासी आणि बिगारी मिळून इमारतींत जाऊन बसले. पोलिसांनी मंडी यांना उचलून, ओढत बाहेर नेलं, त्याची छायाचित्रं प्रसिद्ध आहेत. अॅस्किन यांना निवडणूक लढवायची होती आणि बिगाऱ्यांच्या युनियनचा बागुलबुवा त्यांना उपयोगी पडला. नोव्हेंबरमध्ये ते जिंकले. हेही नोंदवायला हवं: वस्तीवस्तीत लोकप्रिय असलेली ही युती राज्याच्या मतपेटीत सरकारला हरवू शकली नाही.

दरम्यान यादी वाढत गेली. ऑपेरा हाउसच्या वाहनतळासाठी बोटॅनिक गार्डनलगतची अंजीरवर्गातली जुनी झाडं जाणार होती, तिथे बंदी. सेंटेनियल पार्कात ऑलिंपिकच्या आशेनं क्रीडासंकुल येणार होतं, तिथे बंदी. त्या पार्काजवळ राहणारे कादंबरीकार पॅट्रिक व्हाइट, १९७३ चे नोबेल विजेते, विरोधकांत उभे राहिले. रेडफर्नमध्ये आदिवासींच्या घरांसाठी युनियन मदतीला गेली. जून १९७३ मध्ये मॅक्वेरी विद्यापीठाच्या एका वसतिगृहातून समलिंगी असल्यावरून एका विद्यार्थ्याला काढून टाकलं, तेव्हा बिगाऱ्यांनी विद्यापीठातलं बांधकाम थांबवलं. लोकांनी त्याला गंमतीनं गुलाबी बंदी म्हटलं. सिडनी विद्यापीठात स्त्रीवादी अभ्यासक्रम शिकवू द्यायला नकार मिळाला, तेव्हाही तेच. याच काळात स्त्रियांनाही बिगारी म्हणून बांधकामावर घ्यावं यासाठी युनियन भांडत होती आणि तिनं ते मिळवलं. म्हणजे बाहेरच्या स्त्रियांना पाठिंबा आणि आत पुरुषांचीच जत्रा, असं नव्हतं. ज्या युनियन आंदोलनांच्या व्यासपीठावर पाहुण्यासारख्या जातात आणि घरी परत येऊन दार लावून घेतात, त्यांच्यापेक्षा ही वेगळी होती.

वुलूमूलू हे गोदीलगतचं जुनं, गरिबांचं वस्तीस्थान. तिथे बंदी १९७३ ची. तिचा शेवट सगळ्यांत चांगला झाला आणि त्याचं कारण युनियनच्या हातातलं नव्हतं. कॅनबेरात गॉफ व्हिटलम यांचं मजूर पक्षाचं सरकार होतं आणि शहरविकास मंत्री होते टॉम यूरेन. १९७५ मध्ये केंद्र, राज्य आणि सिडनी नगरपालिका यांच्यात करार झाला. केंद्राच्या पैशातून जमीन घ्यायची आणि तिथे कमी उत्पन्नवाल्यांसाठी सरकारी घरं बांधायची, असं ठरलं. बंदीनं जमिनीवरची घाई थांबवली, वस्तीला वेळ मिळवून दिला, पण घर बांधायला पैसा लागतो आणि तो खजिन्यातूनच यावा लागतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात व्हिटलम सरकार बरखास्त झालं. करार काही महिने लांबला असता तर काय झालं असतं, याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

भाऊबंदकी

युनियन मोडली ती बिल्डरांनी एकट्यानं नव्हे. १९७४ च्या जूनमध्ये बांधकाम मालकांच्या संघटनेच्या अर्जावरून बिल्डर्स लेबरर्स फेडरेशनची केंद्रीय नोंदणी रद्द झाली. सिडनीची युनियन ही या देशव्यापी फेडरेशनची राज्यातली शाखा होती. त्यानंतर मेलबर्नमधले केंद्रीय सचिव नॉर्म गॅलाघर सिडनीत उतरले. गॅलाघर माओवादी गटाचे. मंडी आणि ओवेन्स ज्या कम्युनिस्ट पक्षात होते, त्याच्याशी त्यांचं हाडवैर. ऑक्टोबर १९७४ मध्ये त्यांनी सिडनीत केंद्राची समांतर शाखा उघडली. मालकांनी कामाच्या फाटकावर सांगायला सुरुवात केली: नव्या शाखेचं कार्ड दाखवा, नाहीतर काम नाही.

आणि तेजी संपली होती. १९७४ मध्ये बांधकामं आटली आणि बिगाऱ्यांना कामाचे वांधे झाले. आधी एका जागी बंदी घातली तर दुसरीकडे जाता येत होतं, आता दुसरीकडे काहीच नव्हतं. इतर बांधकाम युनियनांनीही हात दिला नाही. कारागिरांच्या मोठ्या युनियनचे पुढारी पॅट क्लॅन्सी हे मॉस्कोकडे बघणाऱ्या वेगळ्या पक्षाचे आणि बंद्यांचे टीकाकार. रहिवाशांशी, विद्यार्थ्यांशी, स्त्रियांशी, आदिवासींशी सोयरीक जुळवणाऱ्या युनियनला आपल्याच धंद्यातल्या भाऊबंदांशी जमवता आलं नाही. दोष कोणाचा हे ठरवणं अवघड आहे, पण सिडनीच्या नेत्यांनी त्या नात्यांवर हवा तेवढा वेळ घातला नाही, असं मला वाटतं. आंदोलनात नवे मित्र मिळतात तेव्हा जुन्या शेजाऱ्याची मनधरणी करणं कंटाळवाणं वाटू लागतं.

रहिवासी काय करू शकत होते? त्यांनी युनियनच्या बाजूनं निदर्शनं केली, पत्रं लिहिली. पण बांधकामाच्या फाटकावर कोणतं कार्ड चालतं, यात त्यांचा शब्द कोण ऐकणार? या युतीतली खरी फट इथे आहे. संकटात वस्तीला युनियन जे देऊ शकत होती, ते युनियनच्या संकटात वस्ती देऊ शकत नव्हती. बिगारी काम थांबवून झाडं वाचवू शकतो, पण हंटर्स हिलची बाई संप करून बिगाऱ्याची युनियन वाचवू शकत नाही. मार्च १९७५ मध्ये नेत्यांनी हार मानली आणि सभासदांना केंद्राच्या शाखेत जायला सांगितलं. मंडी, ओवेन्स, प्रिंगल यांना युनियनमधून काढून टाकण्यात आलं. कुलूप गॅलाघर यांच्या हातात गेलं आणि किल्ल्या रहिवाशांकडे राहूनही कामाच्या उरल्या नाहीत. बऱ्याच बंद्या उठल्या.

याच गॅलाघर यांना १९८५ मध्ये बांधकाम कंपन्यांकडून गुपचूप लाभ घेतल्याबद्दल तुरुंगात जावं लागलं. हे वाचून समाधान वाटणं स्वाभाविक आहे, पण दहा वर्षं उशिरा.

व्हिक्टोरिया स्ट्रीट

किंग्ज क्रॉसजवळचा व्हिक्टोरिया स्ट्रीट हा झाडांनी वेढलेला, जुन्या घरांचा रस्ता. फ्रँक थीमन या बिल्डरला तिथे उंच मनोरे उभारायचे होते. एप्रिल १९७३ मध्ये भाडेकरूंना बाहेर काढायला सुरुवात झाली. रहिवाशांच्या गटाचे आर्थर किंग यांचं अपहरण झालं, ते तीन दिवसांनी परतले आणि त्यांनी चळवळ सोडून दिली. युनियनची बंदी आली. लोक रिकाम्या घरांत ताबा घेऊन राहिले. जानेवारी १९७४ मध्ये पोलिसांच्या साक्षीनं त्यांना हाकललं.

सिडनीची शाखा मोडल्यावर इथली बंदीही गेली. त्याच रस्त्यावर राहणाऱ्या आणि 'नाऊ' नावाचं स्थानिक वर्तमानपत्र काढणाऱ्या हुआनिटा नीलसन यांनी तेव्हा दुसऱ्या युनियनचं दार ठोठावलं, पाणीपुरवठा विभागातल्या कामगारांचं. त्या युनियननं जागेला पाण्याच्या आणि मैल्याच्या जोडण्या द्यायला नकार दिला. बिगारी नसले तरी जोडणीशिवाय मनोऱ्याला कोण विचारतो? केलीज बुशच्या बायका शेवटचं दार म्हणून युनियनकडे गेल्या होत्या. चार वर्षांनी व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या बाईला माहीत होतं की एक युनियन पडली तर दुसऱ्या कोणाकडे जायचं आणि काय मागायचं. या चार वर्षांत शहर काय शिकलं, त्याचा याहून चांगला पुरावा मला दिसत नाही.

४ जुलै १९७५ ला नीलसन किंग्ज क्रॉसमधल्या एका नाइटक्लबात ठरलेल्या भेटीला गेल्या. त्यानंतर त्या कोणाला दिसल्या नाहीत. त्यांचा मृतदेह आजवर सापडलेला नाही.

बंद्या उठल्यावर

१९७७ मध्ये राज्यात वारसा कायदा झाला आणि १९७९ मध्ये पर्यावरण व नियोजनाचा कायदा झाला. त्यात लोकांना आराखड्यांवर बोलण्याची रीतसर सोय झाली. द रॉक्समध्ये कॅहिल एक्सप्रेसवेच्या उत्तरेकडच्या जुन्या इमारती राखायचं ठरलं. केलीज बुश १९८३ मध्ये सरकारनं लोकांसाठी राखून ठेवलं. मंडी १९८४ मध्ये सिडनी नगरपालिकेवर निवडून आले आणि १९९५ मध्ये राज्याच्या ऐतिहासिक वास्तू ट्रस्टचे अध्यक्ष झाले. मे २०२० मध्ये वयाच्या ९० व्या वर्षी ते वारले.

त्याआधी त्यांनी आणखी एक लढाई पाहिली. द रॉक्समधल्या लढ्यानंतर विस्थापित होणाऱ्यांसाठी सत्तरीच्या दशकाच्या अखेरीला तिथेच 'सिरियस' नावाची सरकारी घरांची इमारत बांधली होती. ७९ घरं, बंदर समोर, ऑपेरा हाउस खिडकीतून दिसतं. २०१४ मध्ये राज्य सरकारनं त्या भागातली सरकारी घरं विकायला काढली. वारसा परिषदेनं सिरियसची नोंद करावी अशी शिफारस केली, मंत्र्यांनी ती नाकारली. रहिवासी पुन्हा युनियनकडे गेले आणि बांधकाम कामगारांच्या आजच्या युनियननं पाडकामावर हिरवी बंदी घातली. म्हातारे मंडी निदर्शनांत हजर होते. शेवटच्या भाडेकरूंपैकी एका वृद्धेच्या खिडकीत रात्री 'एसओएस' अशी दिव्यांची अक्षरं पेटायची आणि ती शेजारच्या हार्बर ब्रिज या पुलावरून जाणाऱ्या गाड्यांतून दिसायची.

इमारत पाडली गेली नाही. २०१९ मध्ये ती १५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरना विकली गेली आणि तिच्यात महागडे फ्लॅट निघाले. खिडकीतल्या बाई त्याच्या वर्षभर आधीच तिथून निघाल्या होत्या.